जनसुनावणीला प्रथमच जाणाऱ्या सहकाऱ्यास

खाडीकाठच्या कांदळवनासाठी आपण प्रथमच जनसुनावणीत, म्हणजे प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी लोकांचे म्हणणे ऐकणाऱ्या सभेत, बोलणार आहात, याचा मला मनापासून आनंद आहे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते; ते दिवस भाषण रचण्यापेक्षा सातबारा काढून जमीन सरकारी, गायरान की खासगी हे पाहण्यात आणि भरती-ओहोटीची छायाचित्रे तारखेसह घेण्यात घालवावेत. पहिल्या सुनावणीत मी पोटतिडकीने बोललो, परंतु लेखी निवेदन दिले नव्हते, आणि इतिवृत्तात माझी जेमतेम एक ओळ आली. म्हणून निवेदनाच्या प्रतीवर पोच अवश्य घ्यावी. सुनावणीत मांडलेले मुद्दे शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवणे बंधनकारक असते, तोपर्यंत जागा सोडू नये. चिखलात गुडघाभर उतरून तिसऱ्या (शिंपल्या) काढणाऱ्या बायकांना आधी बोलू द्यावे. ती खाडी त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नाही.