घराचा दावा हरलो, अपिलात घरफाळ्याच्या पावत्या चालतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मंगळवार पेठेतलं आजोबांचं घर, राहता तुम्ही, घरफाळा भरता तुम्ही, तरी चुलत्यांनी मुलाला केलेल्या बक्षीसपत्रावरून कोर्टानं त्यालाच मालक ठरवून ताबा द्यायला सांगितलं.

नुसत्या पावत्यांवर निकाल फिरणार नाही. मी कोल्हापुरात वकिलांकडे कारकुनी करतो. आमच्याकडे येणारा बहुतेक पक्षकार घरफाळ्याच्या पावत्यांची पिशवी काखेत मारूनच येतो. त्यांनी कब्जा दिसतो, मालकी ठरत नाही. मिळकत पत्रिकेवरचं (प्रॉपर्टी कार्डवरचं) नावही विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरं धरतात. आणि 'बारा वर्षं राहिलो म्हणजे घर आपलं' हे पारावरचं कायदेज्ञान भाऊबंदकीत सहसा टिकत नाही. तसा बचाव मुळात कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, घ्यावा लागतो.

तुमची खरी लढाई दुसरीकडे आहे. चुलते एकटे मालक कधी झाले? आजोबांमागं वाटणी झालीच नसेल, तर अख्खं घर बक्षीस द्यायचा अधिकार त्यांना नव्हता. निकालपत्रात मुद्दे आणि त्यांसमोर उत्तरं असतात. वाटणीच्या मुद्द्याचं उत्तर आधी काढा आणि न्यायाधीशांनी ते कुठल्या कागदावर, कुणाच्या उलटतपासावर बेतलंय ते वाचा. तिथं साक्षीतलं काही सुटलं असेल तर अपिलात दम आहे. नवा कागद मात्र अपिलात सहज आत जात नाही. खटपट करूनही तो आधी मिळाला नव्हता, असं काही सबळ कारण दाखवावं लागतं. ट्रंकेत पडून होता, हे कारण नव्हे.

मुदतीचं बघा. जिल्हा कोर्टात ३० दिवस, थेट हायकोर्टात ९०. कुठं जायचं ते दाव्याच्या मूल्यांकनावर. निकालाची नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, पण नकलेचा अर्ज मुदतीत केला असेल तरच. नक्कल तयार होऊन खिडकीत पडून राहिली, तर ते दिवस तुमच्या खात्यात. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज असतो, पण त्यात कारण पटवावं लागतं.

अपील दाखल झालं म्हणून ताबा आपोआप थांबत नाही. स्थगितीचा अर्ज सोबतच द्या, नाहीतर चुलतभाऊ दरखास्त (निकाल अमलात आणायचा अर्ज) लावून कोर्टाचा बेलीफ घेऊन दारात येईल. त्यानं कॅव्हेट, म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय आदेश नको' असा अर्ज, टाकलंय का, तेही वकिलांना बघायला सांगा. कोर्ट जामीन किंवा काही रक्कम भरायला सांगू शकतं.

घटनांचा कीस जिल्हा कोर्टातच पाडून घ्या. पुढच्या दुसऱ्या अपिलात हायकोर्ट कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ऐकतं. तेवढ्यासाठी आता मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टात हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) चालू आहे.

तडजोडीचा विचार असेल तर लोकअदालत आहे. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून भिंत कुठं आणि जिना कुणाचा, हे नकाशासकट लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.