कृषी विज्ञान केंद्राकडे काय मागावे?

प्रश्न : आमच्या गावात शेतकऱ्यांचा गट आहे. जमीन बटाईने देऊन शहरात राहणारे काही जमीनमालकही त्यात आहेत. पुढे शेतकरी उत्पादक कंपनी स्थापन करण्याचा विचार आहे. जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राकडून अनुदान मिळते का? प्रशिक्षण कोणते घ्यावे?

उत्तर : अनुदानाच्या अपेक्षेने केंद्रात गेलात तर बहुधा निराशाच पदरी पडेल, कारण त्या योजना राज्याचा कृषी विभाग राबवतो आणि त्यांची चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करावी लागते. १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे पहिले कृषी विज्ञान केंद्र सुरू झाले. आज देशात अशी सातशेहून अधिक केंद्रे आहेत. काही कृषी विद्यापीठे चालवतात, तर काही स्वयंसेवी संस्था. संशोधनातून आलेले वाण किंवा तंत्र प्रत्यक्ष रानात कितपत टिकते हे तपासणे आणि करून दाखवत शिकवणे, हे त्यांचे मुख्य काम आहे. म्हणूनच एका दिवसाच्या व्याख्यानापेक्षा गटातील एखाद्या शेतावर प्रक्षेत्र चाचणी किंवा प्रात्यक्षिक घेण्याची मागणी करावी. केंद्राचा वार्षिक कृती आराखडा शास्त्रीय सल्लागार समितीपुढे मांडला जातो, त्यामुळे पेरणी तोंडावर आल्यावर नव्हे, तर त्याच्या बऱ्याच आधी लेखी अर्ज द्यावा आणि त्यात पीक, जमिनीचा प्रकार व नेमकी अडचण नमूद करावी. प्रशिक्षणाला मात्र जो प्रत्यक्ष कसतो त्यालाच पाठवावे. मालक गेला आणि बटाईदार घरी राहिला, तर शिकलेले रानापर्यंत पोहोचणे कठीण.

कंपनीबाबत थोडी सावधगिरी हवी. व्यक्ती सभासद असल्यास नोंदणीसाठी किमान दहा उत्पादक लागतात, संचालक किमान पाच असावे लागतात आणि केवळ व्यक्तीच सभासद असलेल्या कंपनीत भाग कितीही असले तरी प्रत्येकाला एकच मत असते. कायद्याने सभासदत्व उत्पादकाला दिले आहे. निव्वळ सातबाऱ्यावर नाव असणे पुरेसे नाही. शहरातील मालकांना घ्यायचे की त्यांच्या बटाईदारांना, हे नोंदणीपूर्वीच कायदेशीर सल्ल्याने ठरवावे. पिकाच्या प्रशिक्षणाइतकेच हिशेब, इतिवृत्तलेखन आणि मालाची प्रतवारी यांचे प्रशिक्षण आवश्यक आहे, आणि आमच्या मते ते भागभांडवल गोळा करण्याच्या आधी व्हावे.