ग्रंथ, खेळ आणि नव्या चालींतून खरंच आशा, श्रद्धा मिळते का? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की वडील गेल्यापासून कशातच मन लागत नाही, ज्ञानेश्वरी उघडली पण पहिल्या अध्यायातच अडकलात, आणि मुलगा म्हणतो, ‘बाबा, नव्या चालीतले अभंग ऐका.’ यातून खरंच काही हाती लागतं का, असा तुमचा प्रश्न आहे. लागतं. पण वारकऱ्यांकडे श्रद्धा नुसती वाचून येत नाही. तोंडानं म्हणायचं, हातात टाळ घ्यायचे, पायांनी ठेका धरायचा, तेव्हा ती अंगात मुरते.

आधी ज्ञानेश्वरीबद्दल. पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचाच आहे. तो धनुष्य टाकून बसतो तिथे अध्याय संपतो आणि श्रीकृष्णाचं उत्तर दुसऱ्या अध्यायात सुरू होतं. पहिल्यातच थांबलं की हातात नुसता विषाद उरतो, दोष तुमचा नाही. सुमारे नऊ हजार ओव्या आज पेलायची गरजही नाही. ग्रंथ जपून ठेवा आणि हरिपाठ घ्या.

ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे २७ अभंग रूढ आहेत, काही प्रतींत फलश्रुती धरून २८. सगळे चालीवर म्हणायला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून पहिल्या आठवड्यात तीनच घ्या, रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी, मोठ्यानं. अर्थाच्या मागे लागण्याआधी अक्षरं मोजा. ‘देवाचिये द्वारी’ सहा, ‘उभा क्षणभरी’ सहा, ‘तेणे मुक्ति चारी’ सहा, ‘साधियेल्या’ चार. हा अक्षरछंद आहे. इथे ऱ्हस्व-दीर्घ पाहत नाहीत आणि जोडाक्षर एकच धरतात. नवखे लोक ‘द्वा’ किंवा ‘क्ति’ फोडून म्हणतात, मग अक्षर वाढतं, श्वास भलतीकडे तुटतो आणि पाठांतर होईना अशी तक्रार सुरू होते. मोजणी बसली की शेवटच्या चार अक्षरांनंतर आपोआप विसावा मिळतो. रडू येत असेल तर तिथेच येऊ द्या, पुढची ओळ थांबते.

दुःखात दार लावून बसणाऱ्याला मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग मी आवर्जून सांगते. रागावून झोपडीचं दार बंद करून बसलेल्या भावाला धाकटी बहीण बाहेरून समजावते आहे. ते एकट्यानं वाचू नका. घरातल्या कुणालातरी दाराबाहेर उभं राहून म्हणायला सांगा आणि तुम्ही आत बसून ऐका. फरक कळेल. (महिनोन् महिने झोप आणि जेवण दोन्ही गेलं असेल तर डॉक्टरांनाही भेटा. हरिपाठ औषधाच्या आड येत नाही.)

खेळ म्हणाल, तर मुलांच्या मोबाइलमधला नव्हे, वारीतला. तुकोबांच्या गाथेत फुगडी, हमामा, हुतुतू, टिपरी, चेंडूफळी या खेळांवर अभंग आहेत, आणि रिंगणानंतर सत्तरीतले आजोबासुद्धा फुगडी घालतात. ती अशी घालतात: समोरासमोर उभं राहून दोघांच्या पायांची बोटं जवळजवळ भिडवायची. हात कैचीसारखे आडवे टाकून उजव्यानं उजवा, डाव्यानं डावा धरायचा, आणि तोही बोटांनी नव्हे, मनगटाला. मग दोघांनी एकदम मागं रेलायचं आणि बारीक पावलं टाकत फिरायचं. खरी गंमत रेलण्यात आहे. एकानं अंग चोरलं तर दोघंही लडखडतात, दोघांनी सारखा भार दिला तरच फुगडी तुटत नाही. समोरच्याच्या हातावर आपलं अख्खं वजन टाकणं म्हणजे काय, ते दहा सेकंदांत कळतं. पाय लांब ठेवले तर घसरतात, जमिनीकडे पाहिलं तर गरगरतं, म्हणून नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर ठेवायची. हळूहळू थांबायचं आणि एकमेकांच्या पाया पडायचं. मुलासोबत घाला. गुडघे किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर फुगडी सोडा, टाळ धरा.

टाळ विकत घेताना वाजवून घ्या. दोन्ही वाट्या सपाट आपटल्या की मध्ये हवा कोंडते आणि ‘थप्प’ असा मेलेला आवाज येतो. एक वाटी किंचित सरकवून कडेवर कड लावली की नाद घुमतो. बोटं वाटीला टेकवायची नाहीत, दोरी गाठीजवळ धरायची. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो. आधी टाळ्या वाजवत मोजा, मग टाळ घ्या.

आता मुलाच्या नव्या चाली. गिटार-ड्रमवर अभंग बाटतो असं मला वाटत नाही. शब्द छंदानं घट्ट बांधलेले असतात, चाली मात्र पिढ्यान् पिढ्या बदलत आल्या आहेत. तरी प्रत्येक नवी चाल चांगली नसते. माझी कसोटी साधी आहे. गाणं दोनदा ऐका, बंद करा आणि वाद्यांशिवाय म्हणून पाहा. म्हणता आलं तर ठेवा. शेवटची चार अक्षरं ठेक्यात गिळली जात असतील किंवा एकच शब्द आलापात ताणून ओळीचा अर्थ तुटत असेल, तर ती चाल ऐकायला छान, पण रोजच्या म्हणण्याला कामाची नाही. पट्टीही तपासा. हार्मोनियमवर पुरुषांना साधारण काळी एक-दोन, बायकांना काळी चार-पाच सोयीची पडते. गायकाच्या पट्टीत ओरडून घसा बसतो आणि चौथ्या दिवशी सगळंच सुटतं. मुलाला तुमच्या पट्टीत वाजवायला सांगा. तो नवी चाल बांधत असेल तर ६-६-६-४ ची मोजणी तुम्ही धरा, सूर त्याला धरू द्या.

तीन आठवडे घरी झाले की जवळच्या भजनी मंडळात एकादशीला जा. मागच्या रांगेत उभं राहा. कुणी विचारत नाही कोण, कुठले. टाळ पुढे करतात. शेवटी पसायदान होतं. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातल्या त्या नऊ ओव्या तुम्हाला बहुतेक शाळेपासून पाठ असतील. त्या सगळ्यांबरोबर म्हणा. बाजूला ठेवलेला ग्रंथ तिथून, शेवटाकडून उघडला तरी चालतो.