केमिकल शेजारच्याचं, खोकला माझा, मग जबाबदार कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आमचं छोटं डिझाइनचं ऑफिस आणि शेजारचं फर्निचर स्प्रे-पेंटिंगचं वर्कशॉप एकाच मजल्यावर, एसीचा डक्टही एकच. चार महिने झाले, घरी गेल्यावर रात्री खोकला येतो, छाती गच्च होते, सुट्टीला बरं वाटतं. सर म्हणतात केमिकल आपलं नाही, मी काय करू. शेजारचे म्हणतात फॉर्म्युला सिक्रेट आहे. आता सरांनी 'मला कामामुळे काहीही त्रास नाही' असा फॉर्म सहीला दिलाय. सही करू का?

ताई, सही करू नका. घरी वाचून सांगते म्हणा आणि फॉर्मचा फोटो काढून ठेवा. अशा कागदाने कायद्याचं संरक्षण बहुतेक ठिकाणी जात नाही, पण उद्या क्लेम केलात की समोरचा वकील पहिला हाच कागद काढणार, आणि तो खोडत बसण्यात तुमचं वर्ष जाईल.

तुम्ही देश लिहिलेला नाही म्हणून कलमं सांगत नाही, पण सरांचं 'आपलं केमिकल नाही' हे उत्तर चालण्यासारखं नाही. डबा कुणी विकत घेतला यापेक्षा तुम्हाला कुठल्या हवेत कामाला बसवलंय ते महत्त्वाचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1981 चा करार क्र. 155 आहे, त्याच्या 17 व्या कलमात सरळ म्हटलंय की एकाच कामाच्या जागी दोन आस्थापना असतील तर सुरक्षिततेसाठी दोघांनी मिळून काम करायचं. 2022 पासून हा करार मूलभूत धरला जातो. त्यावर थेट केस उभी राहीलच असं नाही, पण पत्रात लिहिला की समोरचा जरा सरळ बसतो.

आता सिक्रेटचं. नेमकं रसायन किंवा टक्केवारी व्यापारी गुपित म्हणून काही वेळा झाकता येते, धोका झाकता येत नाही. प्रत्येक धोकादायक केमिकलबरोबर सेफ्टी डेटा शीट असते, एसडीएस म्हणतात, जीएचएस म्हणजे रसायनांचे धोके सांगण्याच्या जागतिक पद्धतीत तिचे 16 भाग. तुम्ही दोनच बघा, भाग 2 म्हणजे धोके आणि भाग 8 म्हणजे हवेतली मर्यादा नि कुठला मास्क. भाग 2 मध्ये एच334 हा धोक्याचा कोड दिसला तर लगेच सावध व्हा, त्याचा अर्थ श्वासातून गेल्यास अ‍ॅलर्जी किंवा दम्याची लक्षणं. टू-पॅक म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या पॉलियुरेथेन पेंटच्या हार्डनरमध्ये (रंग कडक करणारा भाग) आयसोसायनेट नावाचं रसायन असतं आणि त्याला हाच कोड लागतो. युरोपियन युनियनमध्ये ऑगस्ट 2023 पासून ट्रेनिंग घेतल्याशिवाय त्याच कुळातलं डायआयसोसायनेट कामात वापरताच येत नाही, त्यावरून समजा. एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की पुढे अगदी थोडं सुद्धा पुरतं. आणि 'वास येत नाहीये ना मग ठीक' हे इथे साफ चूक, कारण वास जाणवण्याआधीच मर्यादा ओलांडलेली असू शकते. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क वाफेला अडवत नाही, तो लावून बसलात तर नुसतं मनाचं समाधान. तुमच्याकडे आयसोसायनेटच आहे असं मी म्हणत नाही हं, शीट आली की कळेल.

डॉक्टरकडे मात्र याच आठवड्यात जा, शीटची वाट बघू नका. रात्री त्रास आणि सुट्टीला आराम, हे कामाच्या वेळांसकट सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. पीक फ्लो मीटर (जोरात फुंकल्यावर श्वासाचा वेग मोजणारं छोटं यंत्र) मिळालं तर दिवसातून चार वेळा फुंकून आकडा लिहा, ऑफिसच्या दिवशीही आणि सुट्टीलाही. दोन-तीन आठवड्यांची ती वही कोर्टात वकिलाच्या भाषणापेक्षा जड पडते.

काम सोडून उठायचा हक्क आहे का असं पुढे विचाराल. आहे, पण गंभीर आणि तातडीचा धोका आहे असं वाटायला रास्त कारण असेल तेव्हा, आणि उठल्यावर लगेच वरिष्ठांना कळवायचं. रोजचा थोडा वास त्यात बसेलच असं नाही, म्हणून रागाने घरी बसू नका, ते तुमच्यावरच उलटेल.

सरांना ईमेल करा, तोंडी नको, आणि इमारतीच्या मालकालाही सीसीत घ्या कारण डक्ट त्याचा आहे. एवढंच लिहा: 'शेजारच्या युनिटमधल्या सगळ्या उत्पादनांच्या सेफ्टी डेटा शीट सात दिवसांत मिळाव्यात, हवेची तपासणी व्हावी, आणि तोवर माझी बसायची जागा डक्टपासून लांब हलवावी.' सात दिवसांत उत्तर नाही आलं तर तोच मेल जोडून कामगार सुरक्षा खात्याकडे तक्रार टाका.