व्हिस्कीतला धुराचा वास सोसत नाही. स्कॉटलंडच्या हायलँड या डोंगराळ भागातल्या लहान डिस्टिलरीची (दारूच्या भट्टीची) ‘हलकी’ सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत मोड आणलेल्या सातूपासून केलेली व्हिस्की, सुचवाल का? हलकी म्हणजे अल्कोहोल कमी असतं का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे ‘हलकी दारू’ म्हटलं की गुत्ताच आठवतो. इथे तो अर्थ नाही. अल्कोहोलही कमी नसतं; ४० टक्क्यांच्या खाली गेलं तर कायद्याने तिला स्कॉच, म्हणजे स्कॉटलंडची व्हिस्की, म्हणताच येत नाही. हलकेपणा असतो तो वासाचा आणि जिभेवरच्या वजनाचा.

माझं उत्तर: रॉयल लॉकनगार, १२ वर्षांची. धूर जवळजवळ नाहीच.

डिस्टिलरी स्कॉटलंडच्या पूर्वेला, डी नदीच्या खोऱ्यात, ब्रिटिश राजघराण्याच्या बाल्मोरल किल्ल्यापासून जेमतेम मैलभर. लॉकनगार हे मागच्या डोंगराचं नाव. मी ॲबर्डीनहून बसने गेलो होतो. ग्रॅनाइटच्या दोन-चार बैठ्या इमारती, आत तांब्याची भांडी दोनच: एक पहिल्या उकळीचं, एक दुसऱ्या. मालक डिआजिओ ही अवाढव्य कंपनी, पण तिच्या कारभारातली ही सगळ्यात लहान डिस्टिलरी. वर्षाला साधारण पाच लाख लिटर स्पिरिट, म्हणजे भांड्यांतून उतरणारी कच्ची दारू.

गंमत अशी की हिशेबाने इथे जड, मांसल दारू व्हायला हवी. भांडी लहान, आणि वाफ थंड करायला जुन्या पद्धतीचे ‘वर्म टब’. कोकणात किंवा गोव्यात काजूची भट्टी पाहिली असेल तर लगेच कळेल: वाफेची नळी पाण्याच्या पिंपातून जाते, तसंच हे, फक्त नळी तांब्याची, वेटोळी आणि लांबलचक. पाणी गार असलं की वाफेचं चटकन पाणी होतं, तांब्याशी तिची गाठ थोडाच वेळ पडते. तांबं गंधकाचे उग्र वास शोषून घेतं. ती संधी हुकली की स्पिरिट जड राहतं.

लॉकनगारवाले हे सगळं उलटं फिरवतात. टबातलं पाणी मुद्दाम कोमट ठेवतात, म्हणजे वाफ नळीत जास्त वेळ वाफच राहते. भांडी काठोकाठ भरत नाहीत, आच मंद ठेवतात, आणि दोन घाण्यांच्या मध्ये भांड्यांची झाकणं उघडून तांब्याला हवा खाऊ देतात. त्याने ते पुन्हा ताजंतवानं होतं. त्याआधी लाकडी पिंपांत आंबवण्यालाही घाई नाही, तीन-चार दिवस सहज जातात. एवढ्या खटाटोपातून जे उतरतं त्याला कापलेल्या गवताचा वास येतो. मोठ्या कारखान्याला हा वेळकाढूपणा परवडेल असं मला वाटत नाही.

इतिहास थोडक्यात. १८४५ साली जॉन बेग यांनी ही भट्टी सुरू केली. १८४८ च्या सप्टेंबरात राणी व्हिक्टोरिया बाल्मोरलला पहिल्यांदा राहायला आली, तेव्हा या गृहस्थांनी प्रिन्स अल्बर्टला यंत्रं बघायला बोलावणं धाडलं. दुसऱ्याच दिवशी राणी, राजकुमार आणि मुलं दारात हजर! त्यानंतर राजघराण्याला माल पुरवण्याची सनद मिळाली, नावाआधी ‘रॉयल’ लागलं. राणी म्हणे ही व्हिस्की रेड वाइनमध्ये ओतून प्यायची. तो प्रयोग तुम्ही करू नका. पुढे बेग यांच्या नावाच्या ब्लेंडची, म्हणजे मिश्र व्हिस्कीची, जाहिरात होती ‘टेक अ पेग ऑफ जॉन बेग’. ‘पेग’ आपल्या बारमध्येच जास्त चालतो म्हणून मला ती विशेष लाडकी.

चवीचं म्हणाल तर वाळलेलं गवत, थोडी टॉफी, शेवटी किंचित मसाला. पहिल्या घोटाला मला ती पाणचट वाटली होती, खरं सांगतो. चूक माझी होती; ग्लासात बर्फ भरला होता. गारठ्यात हे नाजूक वास वरच येत नाहीत. तळाशी फुगीर, तोंडाशी निमुळता ग्लास घ्या, साधं पाणी चमचाभर घाला आणि पाच मिनिटं नुसती ठेवून द्या. सोडा नको. सोबत मसाला शेंगदाणे किंवा चकलीही नको; तिखटापुढे हिचा टिकाव लागत नाही. खारवलेले काजू चालतील.

आपल्याकडच्या दुकानांत ती क्वचितच दिसते, तेव्हा परदेशातून येणाऱ्या कुणाला तरी गळ घालावी लागेल. तेही जमलं नाही तर ग्लेनमोरांजी घ्या. तीही हायलँडचीच, डिस्टिलरी लहान नाही, पण भांड्यांच्या माना जिराफासारख्या उंच. जड वाफा वर पोचण्याआधीच खाली परततात, म्हणून तीही हलकी. तिथे हे काम उंची करते, लॉकनगारला कोमट पाणी.