बेळगावात फ्लॅट घेताना साठवलेले सगळे पैसे घालावेत, की लोन जास्त काढावं?

तुम्ही लिहिलंय, 32 लाखाचा रिसेल फ्लॅट बघितलाय, दोघांचा मिळून पगार 62 हजार, साठलेत 9 लाख (6 बँकेत एफडी, 2 क्रेडिट सोसायटीत, 1 भिशीत), तर सगळे घालून लोन कमी घेऊ का असं विचारताय. आधी एक सांगतो, राग मानू नका, तुमच्याकडं 9 लाख नाहीत. 6 आहेत.

भिशीचा नंबर तुम्हीच म्हणताय पुढच्या वर्षी लागणार, म्हणजे तो पैसा आज नाहीच, तो हिशोबातून काढून टाका. आणि सोसायटीतले 2 लाख हातात येईपर्यंत तुमचे नव्हेत. हे मी अनुभवानं बोलतोय. 2018 ला गणेशपूर साईडला आम्ही घर घेतलं तेव्हा माझे 3 लाख अशाच एका सोसायटीत होते, नाव घेत नाही, व्याज चांगलं द्यायचे आणि गल्लीतली निम्मी माणसं तिथंच ठेवायची म्हणून मीबी ठेवलो. रजिस्ट्रेशनची तारीख गुरुवारची ठरली, त्याच्या आधीच्या शुक्रवारी पासबुक घेऊन गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणतोय सोमवारी या, सोमवारी गेलो तर मॅनेजर मीटिंगला, बुधवारी सांगितलं एवढी रक्कम एकदम निघत नाही, 20-20 हजार करून घ्या. घर विकणारे काका तिकडं वेगळेच तापले होते, त्यांना त्या पैशात पोरीचं लग्न उरकायचं होतं. शेवटी बायकोच्या पाटल्या आणि गंठण नेऊन गोल्ड लोन काढलं आणि गुरुवार निभावला. सोसायटीतले पैसे पुरते यायला 14 महिने लागले ओ. पाटल्या त्याच्याही नंतर सुटल्या आणि त्यावर घरात काय काय ऐकून घेतलं ते इथं लिहीत नाही.

म्हणून आधी सोसायटीतले 2 लाख काढून बँकेच्या खात्यात आणा आणि मगच टोकन द्या, उलटं करू नका. को-ऑपरेटिव्ह बँक असली तर निदान 5 लाखापर्यंत ठेवीला विमा असतो, क्रेडिट सोसायटीला तो नसतो, हे आमच्याकडं बऱ्याच जणांना माहीतच नसतंय, दोन्हीला आपण 'बँक'च म्हणतो. एफडी मात्र आत्ताच मोडू नका, मुदतीआधी मोडली की व्याज थोडं कापतात, तारीख पक्की झाली की मोडा, एक दिवसाचं काम आहे.

आता 8 लाखाचा हिशोब. आपल्या कर्नाटकात रिसेलला स्टॅम्प ड्युटी 5 टक्के, त्यावर सेस-सरचार्ज धरून 5.6, आणि रजिस्ट्रेशन फी जी आमच्या वेळी 1 टक्का होती ती ऑगस्ट 2025 च्या शेवटी 2 टक्के झाली, म्हणजे एकूण 7.6 टक्के. 32 लाखावर साधारण 2 लाख 43 हजार. हा पैसा बँक देत नाही, लोन घराच्या किमतीवर मिळतंय, हा तुमच्या खिशातनंच जाणार. म्हणजे 9 च्या 9 घातले असते तरी डाऊनपेमेंटला साडेसहाच उरले असते आणि घरात शिरायच्या दिवशी खात्यात शून्य.

मी तुमच्या जागी असतो तर 4 लाख भरलो असतो, 28 लाख लोन. 30 लाखापर्यंतच्या लोनला किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देता येतंय असा आरबीआयचा नियम आहे, हे साडेसत्याऐंशी होतात, फक्त बँकेचा माणूस फ्लॅटची किंमत 32 च्या खाली धरला तर लोनही खाली येणार, म्हणून टोकन देण्याआधी बँकेत विचारून घ्या. साडेआठ टक्के धरले तर 20 वर्षांना हप्ता 24,300 च्या आसपास. सगळे पैसे घालून लोन कमी केलं असतं तर हप्ता 22 हजार. फरक बघा, महिन्याला सव्वादोन हजार. त्याच्या बदल्यात तुमच्याकडं दीड लाख राहतात, म्हणजे सहा हप्ते. दोघांतल्या एकाची नोकरी गेली किंवा दवाखाना लागला तर हे सहा हप्ते काय आहेत ते तेव्हा कळतंय.

व्याज जास्त जाईल म्हणाल, तर जाईल की. पण फ्लोटिंग रेटच्या, म्हणजे व्याजदर वर-खाली होणाऱ्या होम लोनला मधे पैसे भरले तर दंड नसतो, भिशी लागली की तो लाख तिकडं भरा, पहिल्या चार-पाच वर्षांत भरलेला पैसाच खरा उपयोगी, कारण तेव्हा हप्त्यातला बराचसा भाग व्याजातच जातोय.

अजून एक, विकणारा नक्की म्हणणार की 5-6 लाख कॅश द्या, कागदावर 26 दाखवू, तुमची स्टॅम्प ड्युटी वाचंल. वाचत नाही. कागदावर 26 आले की लोनही 26 वरच मिळणार आणि ते 6 लाख रोख तुम्ही कुठनं आणणार? शिवाय घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा वर रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो, हे त्याला गोडीत सांगा, बहुतेक गप बसतोय.

आणि भाऊबंद कोणतरी सांगणार, लोन कशाला, बाँडवर, म्हणजे रजिस्ट्रेशन न करता नुसत्या स्टॅम्प पेपरवर, प्लॉट घे, 8 लाखात होतोय. माझ्या मावसभावानं घेतलाय. त्यावर बँक लोन देत नाही, आणि आता ई-खाता (मालमत्तेचा ऑनलाइन सरकारी उतारा) असल्याशिवाय रजिस्ट्रेशन होत नाही, तो कागद कपाटात ठेवून बसलाय.

कागदाचं म्हणाल तर खरेदीपत्र बहुतेक कानडीत येणार. मी मराठी मिडियमचा, कानडी म्हणजे बसवरची पाटी वाचण्यापुरतं. दस्त लिहिणाऱ्या रायटरनं भराभरा वाचून दाखवलं, मी हो हो म्हणालो, पण ऑफिसातल्या एका कानडी मित्रानं रात्री बसून वाचलं तेव्हा कळलं की चतुःसीमेत पूर्वेचा शेजारी पश्चिमेला घातलाय. सही व्हायच्या आधी सापडलं म्हणून बरं. वकिलाला काय ते दोन-पाच हजार द्या, ईसी (घरावर कुणाचा बोजा-कर्ज आहे का ते दाखवणारा दाखला) काढून घ्या, तिथं काटकसर नको.

बाकी मीटर नावावर करणे, रंग, ग्रील यातच 50-60 हजार कसे जातात कळत नाही, वरच्या दीड लाखातनं ते काढायची पाळी येऊ देऊ नका, रंग दिवाळीनंतर दिला तरी चालतंय.

फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे ते लिहिलं नाही तुम्ही. सगळ्यात वरचा असला तर टोकन देण्याआधी जुलैत एकदा जोराच्या पावसात जाऊन बेडरूमच्या छताचे कोपरे हात लावून बघा, आमच्या गणेशपूरच्या घराचा स्लॅब पहिल्याच पावसात गळाला होता आणि वॉटरप्रूफिंगवाल्यानं 38 हजार घेतले.