हाड जुळले, तरी मुलगी फेरीबोटीत चढत नाही

"मॅडम, अपघाताचा विषय तिच्यासमोर काढावा की काढू नये?" जत्रेतल्या पाळण्यावरून पडून जबर जखमी झालेल्या मुलांचे आई-वडील पहिल्या भेटीत हा प्रश्न हमखास विचारतात. 'काढू नका, आपोआप विसरेल' असा सल्ला नातेवाइकांनी त्यांना आधीच देऊन ठेवलेला असतो. तो मायेपोटी दिलेला असला, तरी घरातले सगळे गप्प झाले की मूल आपल्या विचारांसह एकटे पडते, असा माझा अनुभव आहे. गोव्यातील चोडण बेटावरील एका कुटुंबाची हकीकत त्यासाठी सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी सातवीतली. जत्रेत आलेल्या 'ब्रेक डान्स' पाळण्यात ती चुलतभावाबरोबर बसली होती. पाळणा वेगात असताना समोरच्या लोखंडी दांड्याचे लॉक सुटले आणि ती बाहेर फेकली गेली. डाव्या मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करून रॉड घालावा लागला. हाड चांगले जुळल्याचे डॉक्टरांनी सांगितले, वॉकर सुटून काठी आली. पण फिजिओथेरपीसाठी पणजीला जाताना ती चोडणच्या धक्क्यावरून माघारी फिरू लागली. वडिलांनी मग मये-डिचोलीवरून लांबच्या रस्त्याने गाडी घालायला सुरुवात केली आणि हळूहळू व्यायामाचे दिवसच बुडू लागले. "पाळण्याची भीती समजू शकते, पण फेरीबोटीने तिचे काय घोडे मारले आहे?" असे आई वैतागून म्हणाली.

फेरीबोट काठाला लागताना तिचा पुढचा रॅम्प साखळ्यांच्या खडखडाटासह धक्क्यावर आदळतो. दांडा निसटला तेव्हाचा आवाज मुलीच्या लेखी तोच होता. जिवावर बेतलेल्या क्षणी जे कानी पडले, नाकात गेले, अंगाला जाणवले, ते सारे मेंदू धोक्याची खूण म्हणून नोंदवून ठेवतो, आणि पुढे त्यातली एक खूण मिळाली तरी छाती धडधडू लागते. अपघातानंतरच्या पहिल्या महिन्यात दचकणे, झोपमोड, चिडचिड हे बऱ्याच मुलांमध्ये दिसते आणि पुष्कळदा घरच्या आधाराने ओसरते. महिना उलटल्यावरही तीच दृश्ये डोळ्यांसमोर येत राहिली, मूल ठरावीक जागा टाळू लागले, शाळा आणि झोप बिघडली, तर आघातोत्तर ताणविकाराची, म्हणजे पीटीएसडीची, तपासणी करून घ्यावी. या मुलीच्या बाबतीत मानसोपचारतज्ज्ञांनी तेच निदान केले.

फेरीबोटीकडे वळण्याआधी मला घरातल्या मौनाकडे पाहावे लागले. आजीने ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले होते, दृष्ट काढली होती. त्याला माझी हरकत नव्हती, उलट त्या घरात अपघाताबद्दल मोठ्याने बोलणारी आजी एकटीच होती. वडील मात्र त्या विषयावर उठून बाहेर जात. मी बापलेकीला वेगवेगळे बसवून कागदावर एक गोल काढायला दिला. अपघाताला जे जे जबाबदार वाटतात त्यांचे वाटे त्या गोलात पाडायचे, आणि स्वतःचा वाटा सर्वांत शेवटी, एवढीच अट होती. वडिलांनी ती अट मोडून आधी अर्धा गोल स्वतःच्या नावावर केला: 'तिकीट मी काढले.' मुलीचा पहिला वाटा होता, 'मी हट्ट केला.' कागद एकमेकांना दाखवले तेव्हा मुलगी इतके दिवस स्वतःलाच दोष देत होती हे वडिलांना प्रथमच कळले. पुन्हा गोल काढला, तेव्हा पाळण्याचा मालक, लॉक न तपासता मोटार सुरू करणारा माणूस, पाळणा सुरक्षित आहे का हे न पाहता जागा देणारे, असे वाटे पाडता पाडता तिकिटाला आणि हट्टाला जागाच उरेना. तिकीट काढून पाळण्यात बसणाऱ्याने लॉकची चिंता करायची नसते, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

त्यानंतरचे काम संथ होते. भीतीला शून्य ते दहा असे गुण द्यायला ती शिकली. आधी धक्क्यापासून दूर, गाडीची काच खाली करून रॅम्पचा आवाज ऐकायचा. मग धक्क्यावर उभे राहायचे. मग आईचा हात धरून चढायचे. पहिल्यांदा बोटीत चढली तेव्हा रॅम्प उचलताना तिने आठ गुण सांगितले, नदीच्या मध्यावर चार, आणि रायबंदरला रॅम्प पडताना पुन्हा सात. भीती चढते तशी उतरतेही, हे तिने स्वतःच मोजले होते, त्यामुळे ते मला पटवून द्यावे लागले नाही. 'धीट होण्यासाठी तिला पुन्हा पाळण्यात बसवावे' असे एका काकांनी सुचवले होते. मला तो हट्ट अनाठायी वाटतो. शाळा, दवाखाना, जत्रेतली गर्दी हे जमले पाहिजे, पाळण्यावाचून कोणाचे काही अडत नाही.

अपघाताचा कोणीतरी काढलेला व्हिडिओ नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता आणि मुलीने तो चुलतभावाच्या फोनवर पाहिला होता. तो ग्रुपमधून काढून टाकायला मी वडिलांनाच सांगितले. असले व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांना त्या फोनपर्यंत मुलांचाही हात पोहोचतो याचे भान नसते.

तक्रार करावी का, हेही वडिलांनी विचारले. जखम पुन्हा उघडी पडेल या भीतीने ते थांबले होते. पोलीस तक्रार आणि ग्राहक आयोगाकडील भरपाईचा दावा हे वेगवेगळे मार्ग आहेत, आणि ग्राहक आयोगाकडे साधारणपणे २ वर्षांच्या आत जावे लागते. त्यामुळे 'मुलगी पूर्ण बरी झाली की बघू' असे म्हणत बसू नये, वकिलाला लवकर भेटावे. जबाब द्यायची वेळ आली तर कोण काय विचारील हे मुलीला आधी सांगावे आणि तिच्याजवळ घरचे माणूस असावे.

घरी विषय काढायचा तो दटावून किंवा खोदून नव्हे. 'मला त्या दिवसाची आठवण येते, तुला येते का?' एवढे पुरे. ती नाही म्हणाली तर तिथेच थांबावे आणि पुन्हा केव्हातरी विचारावे. मदतीसाठी बांबोळीची मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांकही आहे. मूल यायला तयार नसेल, तर पहिल्या भेटीला पालकांनी एकट्यानेच यावे.